लाए आणि सलामाउआ : बिल न्यूटनच्या शोधात पापुआ न्यू गिनीत

सलामाउआला रस्ता जात नाही. लाए शहरातून दक्षिणेकडे मोटारबोटीनेच जावं लागतं. तिथे या उघड्या फायबरच्या बोटींना ‘बनाना बोट’ म्हणतात. समुद्र शांत असतो तेव्हा, म्हणजे भल्या सकाळी निघा आणि लाइफ जॅकेट आहे ना, ते पैसे ठरवण्याआधी बघून घ्या.

हा आडवळणाचा प्रवास बिल न्यूटनसाठी. १९१९ साली जन्मलेला मेलबर्नचा हा मुलगा शाळेत ऑस्ट्रेलियन फुटबॉल, वॉटर पोलो आणि क्रिकेट खेळायचा. वेगवान गोलंदाज म्हणून त्याचं नाव होऊ लागलं होतं. १९३८ मध्ये त्याने बिल पॉन्सफर्डला ४ धावांवर बाद केलं. हा तोच पॉन्सफर्ड, ज्याच्या ४३७ धावा भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात नाबाद ४४३ करून मागे टाकल्या. दुसरं महायुद्ध सुरू असताना न्यूटन १९४० मध्ये हवाई दलात गेला आणि पुढे २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये बॉस्टन बॉम्बर उडवू लागला. खालून विमानविरोधी तोफा धडधडत असल्या तरी तो विमान वाकडंतिकडं करत नसे, थेट लक्ष्यावर जाई. सोबती त्याला ‘फायरबग’, म्हणजे आग लावणारा, म्हणायचे.

असं थेट लक्ष्यावर जाण्याचा अर्थ मला सलामाउआत पाय ठेवल्यावर नीट कळला. वाळूची एक चिंचोळी पट्टी, दोन्हीकडे पाणी आणि टोकाला डोंगराळ भूशिर. खाली उतरून बॉम्ब टाकायचा तर तोफांपासून लपायला जागाच नाही. १६ मार्च १९४३ रोजी इथेच त्याच्या विमानाचे पंख फाटले, इंधनाच्या टाक्यांना भोकं पडली, एक टायर बसला. तशातही त्याने ते तळावर नेऊन उतरवलं. दोनच दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवर आला. या वेळी विमान पेटलं. किनाऱ्याला समांतर जात त्याने ते जपानी सैन्यापासून जमेल तितकं दूर नेलं आणि पाण्यावर उतरवलं. विमानातला त्याचा सोबती बेसिल ईस्टवूड मारला गेला. न्यूटन आणि दुसरा सोबती जॉन लायन पोहत किनाऱ्याला लागले, पण पकडले गेले. लायनला लाएमध्ये संगिनींनी मारलं. न्यूटनचा २९ मार्चला सलामाउआत शिरच्छेद झाला. तो २३ वर्षांचा होता. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं.

इंटरनेटवर त्याच्या वधाचा म्हणून एक फोटो फिरतो. तो न्यूटनचा नाही, ऐतापे इथे ऑक्टोबर १९४३ मध्ये मारल्या गेलेल्या लिओनार्ड सिफ्लीट या सैनिकाचा आहे. कृपा करून तो पुढे पाठवू नका. दोघांवरही अन्याय होतो.

न्यूटनची कबर लाएच्या युद्धस्मशानात आहे, बोटॅनिकल गार्डनला लागून. इथे राष्ट्रकुलातल्या २,८१८ सैनिकांच्या कबरी आहेत, त्यातल्या ४४४ बेनाव. आपल्यापैकी कोणी गेलंच, तर भारतीय कबरी पाहिल्याशिवाय परतू नये. मलाया आणि हाँगकाँगमध्ये कैद झालेल्या अविभाजित भारताच्या या जवानांना जपान्यांनी इथे मजुरीला आणलं. वेवाकच्या बाजूला राबता राबता कित्येक मेले, आणि बेनाव कबरींपैकी बहुतेक तिकडूनच आणलेल्या आहेत. न्यूटनकडे लोक येतात. या जवानांच्या घरच्यांपैकी इथवर कितीजण पोहोचले असतील, हा प्रश्न मला तिथून हलू देईना. फुलं न्यायची तर थोडी यांच्यासाठीही न्या.

आता व्यवहाराचं. भारतातून सिंगापूर किंवा ब्रिस्बेनमार्गे राजधानी पोर्ट मोर्सबी, तिथून लाएचं विमान. ते नाडझाबला उतरतं आणि शहर तिथून चाळीसेक किलोमीटर आहे, त्यामुळे हॉटेलची गाडी आधीच सांगून ठेवा. लाएमध्ये एकट्याने पायी भटकू नका. स्मशानातसुद्धा ओळखीचा ड्रायव्हर बरोबर असू द्या. अंधार पडायच्या आत खोलीवर परता. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. सलामाउआत एटीएमची आशा धरू नका, सुटे किना (तिथलं चलन) जवळ ठेवा. पोर्ट मोर्सबीचा कोरडा हंगाम बघून तारखा ठरवाल तर लाएत भिजाल, कारण जून ते ऑगस्ट हा तिथला सर्वांत पावसाळी काळ.

लाएपर्यंत जाणं जमणार नसेल, तर न्यूटनचं पदक कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे आहे. तिथे प्रवेश मोफत आहे, पण जाण्यापूर्वी वेळ आरक्षित करा आणि नूतनीकरणामुळे कुठली दालनं बंद आहेत तेही पाहून घ्या.