माहीम ते सीएसएमटी : घरच्यांसोबत हाफ मॅरेथॉन, आणि वाटेत रोझरी

यंदा मुंबई मॅरेथॉनची हाफ मी, दादा आणि वहिनी तिघं शेवटपर्यंत एकत्र धावलो. डॅडी सिनियर सिटिझन रनला होते आणि मम्मी आझाद मैदानाच्या बाजूला सगळ्यांच्या चपला नि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी. वसईतले बरेच जण विचारतायत कसं जमवलं, आणि त्याहून जास्त जण विचारतायत की रेस रविवारी पहाटे, मग रविवारच्या मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, काय केलंत, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मिस्साचं सोपं आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते, ती करून घरी या, जेवा, झोपा. रविवारी संध्याकाळी जाऊ असं ठरवाल तर बघा बुवा, एकवीस किलोमीटरनंतर चर्चमध्ये गुडघे टेकवता येतील, उठायचं कसं ते तुम्हीच ठरवा.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, रेसच्या दिवशी मिळत नाही, आधी बीकेसीला जाऊन घ्यावा लागतो, ओळखपत्र सोबत ठेवा. वसई-विरारवरून बांद्र्यापर्यंत जातोच आहोत तर त्याच फेरीत मोत माऊलीला, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, जाऊन या, आम्ही तेच केलं. बाहेरच्या स्टॉलवर नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घर, बाळ सगळं मिळतं. वहिनीचा उजवा गुडघा दिवाळीपासून कुरकुरत होता म्हणून मम्मीने मेणाचा पाय घेतला आणि उलटसुलट करून बघत स्टॉलवाल्या बाईला विचारते, उजवाच आहे ना हा? ती म्हणाली, आंटी तुम्ही वाहा, मावलीला कळतं कुठला ते. आता हेही सांगते की त्याच गुडघ्यासाठी वहिनी फिजिओकडे जात होती आणि सांगितलेले व्यायाम रोज करत होती. देव नेईल गं म्हणून प्रॅक्टिसला दांडी मारणारे आमच्या ओळखीत आहेत, त्यांना देव नेतो, पण बहुतेक ॲम्ब्युलन्समधून.

हाफचा स्टार्ट माहीम रेतीबंदरला, पहाटे पाचला, म्हणजे आपल्याकडून निघायचं तर अर्ध्या रात्री. पश्चिम रेल्वे गेल्या काही वर्षांत त्या पहाटे जादा लोकल सोडते, टायमिंग आदल्या आठवड्यात बघून ठेवा. शक्य असेल तर माहीम-बांद्र्यात नातेवाईकाकडे झोपलेलं बरं, आम्ही मावशीकडे होतो. बॅग स्टार्टला जमा करायची, ती फिनिशकडे परत मिळते. मोबाइल मात्र बॅगेत टाकू नका, नंतर त्या गर्दीत घरचे सापडत नाहीत. रेतीबंदरकडे चालत जाताना माहीमचं चर्च लागतं, सेंट मायकलचं, बुधवारच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेसाठी गर्दी होते ते. अंधारातच फाटकाबाहेर उभं राहून क्रूसाची खूण केली, आमच्यासारखे बिब लावलेले आणखी बरेच जण थांबत होते.

सुरुवातीला प्रचंड रेटारेटी असते, तिघं हातभर अंतरात राहा. आणि एकत्र धावायचं असेल तर हे घरीच ठरवा की जो सगळ्यात हळू तोच पुढे धावणार आणि बाकीचे त्याच्या मागे. दादाला हे मान्य करायला महिना लागला कारण त्याला स्वतःचं टायमिंग सुधारायचं होतं. ज्याला टायमिंग हवंय त्याने एकटं धावावं, त्यात काही वाईट नाही, पण दोन्ही एकाच रेसमध्ये होत नाही आणि मग अर्ध्या वाटेत नवरा-बायकोची भांडणं दिसतात, खरंच दिसतात.

मग सी लिंक. साडेपाच किलोमीटरच्या वर, एरवी तिथे पायी कुणाला सोडत नाहीत. पब्लिक नाही, ढोल नाहीत, फक्त बुटांचा आवाज नि खाली काळं पाणी. आम्ही रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, इथेच धरली, रविवार म्हणून गौरवाची रहस्यं (रोझरीत वारानुसार येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग आठवतात, त्यांना रहस्यं म्हणतात). दादा 'नमो मरिया' म्हणायचा आणि आम्ही दोघी 'पवित्र मरिये' उचलायचो, मण्यांच्या माळेऐवजी बोटातली दहा दाण्यांची अंगठी, ती हातातून पडत नाही. ह्याचा एक फायदा कुठल्या कोचने सांगितला नव्हता. उत्तर देताना वहिनीचं वाक्य मध्येच तुटलं की समजायचं आपण जास्त जोरात चाललोय, लगेच स्पीड कमी. कोच लोक जी टॉक टेस्ट म्हणतात ती हीच की, धावताना बोलता आलं पाहिजे. सगळी रोझरी आमच्या स्पीडला दोन-अडीच किलोमीटर पुरली. शेजारून धावणारे एक काका थोडा वेळ आमच्या लयीत धावले, मग हात जोडून पुढे गेले.

दादाच्या टीशर्टवर मागे बायबलमधलं संत पौलाचं 'धाव संपवली आहे' छापलेलं. सी लिंकवर मागून एक मुलगा ओरडला, दादा, अजून लय बाकी आहे!

वरळीपासून लोक भेटतात, संत्री, बिस्किटं, मिठाचे बटाटे. धावणारे खातात ते एनर्जी जेल आम्हाला पचत नाही, आम्ही वसईची सुकेळी (सुकवलेली केळी) तुकडे करून खिशात नेली होती, दर चारेक किलोमीटरला एक तुकडा आणि वर पाणी. पण रेसच्या दिवशी पहिल्यांदा खाऊन बघू नका, प्रॅक्टिसलाच सवय करा.

हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ येतो, तिथे आम्ही सरळ चाललो, लाज कसली. उतारावर गुडघेवाल्यांनी सांभाळायचं, चढापेक्षा उतारच जास्त दुखवतो. मरीन ड्राइव्हवर ऊन अंगावर येतं आणि रस्ता संपता संपत नाही, टोपी आधीपासूनच डोक्यावर हवी. इथे वहिनी गप्प झाली, म्हटलं काय गं, तर म्हणे बोलू नकोस, मी देवाशी भांडतेय. तिला भांडू दिलं.

फिनिशला मम्मीने आधी तिचा गुडघा दाबून बघितला, मेडल नंतर. डॅडी केव्हाच आटपून चहा पीत बसलेले.

घरच्यांशी भेटायची जागा आधी ठरवा, फिनिशजवळ नाही, थोडी लांब. परतताना चालत चर्चगेटला जा, गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते, आणि सबवेच्या पायऱ्या रेलिंग धरून आडव्या उतरा.