टानीची बक्की

शनिवारी सकाळी भिंतीवरून शेजारच्या टानींची, म्हणजे काकूंची, हाक आली, "माझी बक्की जस्ट नाउ परत आणून दे हं," आणि मी तिथल्या तिथे घामाघूम, कारण इथे दक्षिण आफ्रिकेत बक्की म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी, आणि त्यांच्या नवऱ्याची पांढरी बक्की सकाळपासून दारात दिसत नव्हती. आता ह्यांची गाडी मी कधी नेली? मला तर माझीच नीट रिव्हर्स घेता येत नाही. आत जाऊन बायकोला सांगितलं तर ती हसून हसून ओट्याला टेकली आणि फ्रीजवरचा निळ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा दाखवला, ज्यातून गेल्या रविवारी टानींनी पाकातले गोड कुकसिस्टर पाठवले होते. "अरे बावळटा, ही बक्की."

तर इथल्या आफ्रिकान्स भाषेत बाक म्हणजे भांडं, त्याला लाडाची शेपटी लावली की झाली बक्की, मग ती जेवणाची असो की गाडीची. पहिल्यांदा मला हे फार विचित्र वाटलं, पण मी डोंबिवलीचा माणूस, वीस वर्षं पोळीभाजीचा डबा घेऊन गाडीच्या डब्यात चढलोय आणि त्यात काही विनोदी आहे असं मला कधी वाटलं नाही. आणि हो, इथे आलो त्याच आठवड्यात एका दुकानात टीशर्टवर 'लोकल इज लेक्कर' वाचलं होतं. लेक्कर म्हणजे झकास, मस्त, चविष्ट, जे चांगलं ते सगळं लेक्कर. आपलं ते स्वदेशी छान टाइपचं घोषवाक्य आहे ते, पण माझ्या डोळ्यांपुढे आठ चौदाची फास्ट, आणि मनात आलं ह्याला एकदा ठाण्याला चढवून दाखवा, मग बोलू.

आम्ही सेंच्युरियनला राहतो, क्रिकेटवाल्यांना माहीत असेल, प्रिटोरियाच्या अलीकडे. इथे इंग्लिश सगळेच बोलतात पण त्या इंग्लिशच्या पोटात आफ्रिकान्स बसलेलं असतं. टानी जशी काकू, तसा ऊम म्हणजे काका, आणि नात्यागोत्याचा नसला तरी वयाने मोठा माणूस हा ऊमच, नावाने हाक मारायची नाही, हे आम्हाला कुणी शिकवायची गरजच पडली नाही. घोळ भलत्याच ठिकाणी झाला. आमची लेक तेव्हा पाच वर्षांची, तिने भिंतीपलीकडे बघून सवयीने "काका! काकाऽऽ!" असा सूर लावला आणि टानींची नातवंडं गवतात लोळायला लागली. का, तर काका म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत शी. टानींचे ऊम मात्र गंभीर चेहऱ्याने आले आणि म्हणाले, बोल बाळ. त्या दिवसापासून माझा त्या माणसाबद्दलचा आदर डबल झाला. लेकीने मात्र पुण्याच्या काकाला व्हिडिओ कॉलवर ऊम म्हणायला सुरुवात केली आणि तो अजून विचारतो की मी काय पाप केलं.

शेमचीही तीच गत. मित्राला मुलगा झाला, फोटो आला, बाळ बिनचड्डीचं. मी ऑफिसात कौतुकाने दाखवला तर शेजारची बाई दोन्ही हात गालावर ठेवून "आख शेम!" आपण लहानपणी शेम शेम पप्पी शेम ऐकत वाढलेलो, मी पटकन फोन उलटा केला. नंतर कळलं की इथे शेम म्हणजे अगंबाई किती गोड ते, आणि कुणाचा पाय मोडला तरी शेम, म्हणजे बिच्चारा. काय ते सुरावरून ओळखायचं.

जस्ट नाउचं तर विचारूच नका. प्लंबर जस्ट नाउ येतो म्हणाला म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकून बसलो होतो. ऊमना सांगितलं तर म्हणाले चूक तुझी, जस्ट नाउ म्हणजे आमचं नेतनाऊ, ते मघाशीही असतं आणि मग कधीतरीही असतं, घाई असेल तर नाउ-नाउ म्हणायला लावायचं, ते आमच्या आफ्रिकान्स नाऊ-नाऊवरून आलंय. माझं तोंड उघडलं होतं भांडायला पण मिटलं, कारण ज्यांच्या भाषेत होऊन गेलेला परवा आणि यायचा परवा एकच आहे त्यांनी ह्यावर कुठल्या तोंडाने बोलायचं.

पण खरा मजा आला तो ह्या नाऊ-नाऊत. त्यांच्या घरामागे ब्राय चालू होता, ब्राय म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावर मांस भाजणं, आणि ते निखारे होईपर्यंत दोन तास नुसतं उभं राहून बोलणं. मी म्हटलं ऊम, असे डबल शब्द अजून आहेत का, तर ते चिमटा हातात धरून सुरूच झाले. गाऊ-गाऊ म्हणजे पटपट. कॉर्ट-कॉर्ट म्हणजे सारखं सारखं. प्लेक-प्लेक म्हणजे जागोजागी. लाख-लाख म्हणजे हसत हसत, एखादं काम सहज केलं ह्या अर्थाने. मी थांबलोच. हसत हसत केलं! इंग्लिशमध्ये हे सांगायला मला कायम कसरत करावी लागते आणि इथे हा दाढीवाला म्हातारा माझीच भाषा बोलत होता, फक्त शब्द दुसरे.

आफ्रिकान्स निघाली डचमधून, पण डच असं डबल बोलत नाही. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला, म्हणजे आजच्या केप टाउनला, जहाजांसाठी मुक्काम थाटला, मग गुलाम आणले इंडोनेशियाकडून, मादागास्करहून, आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून. ह्या लोकांच्या आणि तिथल्या मूळ खोइखोइ लोकांच्या तोंडी डच मोडली, वाकली, त्यातून ही भाषा झाली, आणि हे शब्द दोनदा म्हणणं इंडोनेशियाकडच्या मलाय भाषेकडून आलं असं मानतात. खूप ह्या अर्थाचा त्यांचा रोजचा शब्द बाया, तोही मलायच. गोरे साहेब लोक हिला स्वयंपाकघरातली भाषा म्हणून हिणवायचे. केपच्या मुसलमानांनी ती अरबी अक्षरांत लिहिली, सगळ्यात जुन्या आफ्रिकान्स लिखाणात ती पुस्तकं येतात. ऊमच्या पडवीत खिळ्याला कातड्याचा एक जुना शाम्बॉक लटकतोय, आजोबांचा म्हणे, बैल हाकायचा. शाम्बॉक म्हणजे आपला चाबूकच हो! फारसीतून निघाला, एक वाट आपल्याकडे आली, एक मलायमधून ह्यांच्या पडवीत. अचारही इथे अचारच, आंब्याचं, दुकानात बरणीत मिळतं, तेल जरा कंजुषीने घालतात एवढंच.

अर्थात सगळ्यांनाच ही भाषा अशी गंमतीची नाही. माझा सोवेटोचा, म्हणजे जोहान्सबर्गच्या काळ्या लोकांच्या वस्तीतला, एक सहकारी आहे, दिवसभर लेक्कर, बक्की, 'एक से' (म्हणजे 'मी म्हणतो') चालू असतं त्याचं, पण कुणी त्याच्याशी सलग आफ्रिकान्स बोलायला लागलं की तो शांतपणे इंग्लिशमध्ये उत्तर देतो. १६ जून १९७६ ला सोवेटोतली शाळकरी पोरं रस्त्यावर आली ती शाळेत आफ्रिकान्समधून शिकायची सक्ती केली म्हणून, आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याची आई तेव्हा शाळेत होती. तो म्हणतो शब्द आमचे, आम्ही गल्लीत घडवले, भाषा त्यांची. मी ह्यावर काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच.

त्याच्याकडूनच मी खाटफॉल उचलला. म्हणजे वीट आला, पुरे झालं. २०२३ मध्ये इथे लोडशेडिंगचा कहर होता, आपलं भारनियमन बरं म्हणावं असं, आणि एका मीटिंगमध्ये तिसऱ्यांदा लाइट गेली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आय अ‍ॅम खाटफॉल. अंधारात शांतता. मग कुणीतरी फिसकन हसलं. शब्दशः अर्थ भोक भरलं असा होतो, कुठलं भोक ते मला लंचला समजावलं गेलं.

असो, तर बक्की. कुकसिस्टर म्हणजे पिठाची वेणी घालून तळायची आणि गरम गरम गार पाकात बुडवायची, बाहेर कुरकुरीत आणि आत पाक, जिलबीची मावसबहीण म्हणा. असला डबा रिकामा परत देणं आमच्या घरात शक्यच नाही, म्हणून बायकोने चकल्या करेपर्यंत आठवडा गेला होता आणि टानींना वाटलं आम्ही डबा ढापला. चकल्या पोचल्या, संध्याकाळी भिंतीवरून "बाया लेक्कर!" असं ओरडणं आलं, कुत्रा भुंकला, त्याला ऊमनी "फुत्सेक" म्हणून हाकललं, जे मला दर वेळी 'चल फूट' असंच ऐकू येतं. आणि बुधवारी तीच निळ्या झाकणाची बक्की मिल्क टार्ट भरून परत आमच्या फ्रीजवर. टानी म्हणाल्यात जस्ट नाउ आणून दे. म्हणजे करंज्यांसाठी सारण भाजायला वेळ आहे.