दुपारी बाराची लीग

मराठीत बारा वाजले म्हणजे कारभार आटोपला. इंग्लंडच्या महिला फुटबॉलच्या सुपर लीगचा रविवार मात्र आता दुपारी बाराला सुरू होतो. 2025-26 पासून स्काय आणि बीबीसी या वाहिन्यांशी पाच वर्षांचा, साडेसहा कोटी पौंडांचा करार झाला आणि बहुतेक सामन्यांना हीच वेळ मिळाली. भारतात तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इकडची, म्हणजे इंग्लंडची, घड्याळं तासभर मागे जातात, मग मार्चअखेरपर्यंत साडेपाच.

एवढी अडनिडी वेळ का? शनिवारी दुपारी 2.45 ते 5.15 या वेळात इकडे टीव्हीवर फुटबॉलचा सामना थेट दाखवत नाहीत. लोक घरी बसले तर छोट्या क्लबांची मैदानं ओस पडतील, म्हणून घातलेलं हे जुनं बंधन. रविवारी दोनपासून पुरुषांची प्रीमियर लीग असते. या दोहोंतून उरलेली फट महिलांच्या वाट्याला आली. वेळ ठरलेली असली की बघणाऱ्याला सवय लागते, हे खरं. पण ज्या मुलींनी हे सामने बघायला यावं, त्यांचे स्वतःचे सामने बहुतेक रविवारी सकाळीच असतात. शिवाय रविवारी रेल्वेची दुरुस्ती निघते, त्यामुळे दुसऱ्या शहरातून येणाऱ्यांना भल्या पहाटे घर सोडावं लागतं.

इंग्लंडमध्ये महिला फुटबॉलला प्रेक्षक नव्हते असं कुणी म्हटलं तर 26 डिसेंबर 1920 ही तारीख सांगावी. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज हा कारखान्यातल्या कामगार मुलींचा संघ सेंट हेलेन्सविरुद्ध खेळला, तेव्हा 53,000 लोक आले होते. वर्षभराच्या आतच, 5 डिसेंबर 1921 रोजी, फुटबॉल असोसिएशन या तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्याशी संलग्न मैदानं महिलांना बंद केली. हा खेळ बायकांना झेपणारा नाही, असं कारण दिलं गेलं. बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं गेली. म्हणजे आज जे चाललंय ते शून्यातून उभं करणं नाही. मोडलेलं पुन्हा बांधणं आहे.

सुपर लीग सुरू झाली 2011 मध्ये. आठ संघ, प्रत्येकाचे चौदा सामने. पुरुषांशी टक्कर नको म्हणून हंगाम उन्हाळ्यात ठेवला होता. खर्च आवाक्यात राहावा म्हणून वर्षाला 20,000 पौंडांहून जास्त पगार एका क्लबात फक्त चार खेळाडूंना देता येई. बाकीच्या बऱ्याच जणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला यायच्या.

2017-18 पासून हंगाम हिवाळ्यात नेला, युरोपीय स्पर्धांच्या वेळापत्रकाशी मेळ बसावा म्हणून. निर्णय योग्यच होता, पण मैदानांची तयारी नव्हती. प्रीमियर लीगच्या मैदानांत गवताखाली गरम पाण्याचे पाइप असतात. महिला संघ ज्या छोट्या मैदानांवर खेळत होते तिथे ते नव्हते. जानेवारी 2023 मध्ये चेल्सी-लिव्हरपूल सामना गोठलेल्या मैदानामुळे सहाव्या मिनिटाला थांबवावा लागला. तोवर प्रेक्षक येऊन बसले होते.

खरा सांधा बदलला तो 2018 मध्ये, आणि तो मैदानावर नव्हे, लीगमध्ये खेळण्याच्या परवान्याच्या अर्जात. वरच्या श्रेणीत राहायचं तर खेळाडू पूर्णवेळ हव्यात, आठवड्याला किमान 16 तास प्रशिक्षण हवं, सामन्याचा वेळ त्यात धरायचा नाही, आणि मुलींची अकादमीही हवी. गुणतालिकेपेक्षा ताळेबंद मोठा ठरला. डॉनकास्टर रोव्हर्स बेल्स हा 1969 पासूनचा नामांकित संघ. 2017-18 मध्ये त्यानं दुसरी श्रेणी जिंकली, तरी पैशांअभावी तिसऱ्या श्रेणीत गेला. उलट वेस्ट हॅम तिसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या श्रेणीत आला. भारताची गोलरक्षक अदिती चौहान 2015 मध्ये याच वेस्ट हॅमकडे आली होती, तेव्हा तो खालच्याच श्रेणीत होता.

या रचनेचा दुखरा भाग असा की महिला संघ पुरुष क्लबाच्या खिशातून चालतो, आणि तिकडे खिसा फाटला की पहिली कात्री इकडे लागते. रेडिंगनं 2024 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून माघार घेतली आणि संघ थेट पाचव्या श्रेणीत गेला. पुढच्याच वर्षी ब्लॅकबर्ननंही दुसरी श्रेणी सोडली. दोन्ही वेळा खेळाडूंचा खेळ कमी पडला नव्हता.

2024 मध्ये लीगचा कारभार असोसिएशनकडून क्लबांच्या स्वतंत्र कंपनीकडे गेला आणि प्रीमियर लीगनं दोन कोटी पौंड बिनव्याजी दिले. 2026-27 पासून बाराऐवजी चौदा संघ, म्हणजे प्रत्येकाला 22 ऐवजी 26 सामने. आपल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये 2024-25 ला आठ संघ होते आणि चौदाच सामने, अगदी इंग्लंडच्या 2011 सारखे. फरक तिथून पुढच्या, आठवड्याला 16 तासांच्या त्या प्रशिक्षणाचा आहे.

मुलांकडे इंग्लंडला येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: हंगाम सप्टेंबर ते मे. जून-जुलैत आलात तर काहीच सापडणार नाही. आर्सेनल आता घरचे लीग सामने एमिरेट्सवर खेळतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे मँचेस्टर युनायटेडविरुद्ध 60,160 प्रेक्षक होते. उलट मँचेस्टर युनायटेडच्या महिला ज्या ली गावात खेळतात तिथे रेल्वे स्टेशनच नाही. मँचेस्टरहून व्ही1 बस पकडायची आणि बसस्थानकापासून पुढची वाट वेगळी शोधायची. आणि एव्हर्टनचा सामना मिळाला तर तो चुकवू नका. पुरुषांचा संघ नव्या स्टेडियममध्ये गेल्यावर 2025-26 पासून गुडिसन पार्क महिलांचं घर झालंय, तेच 53,000 वालं.