शपथपत्रातला दुसरा परिच्छेद

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, त्यामुळे त्या दिवशी माझ्या कार्यालयात येणाऱ्या पक्षकारांच्या पिशव्यांत फायलींच्या जोडीला सुकी मासळी, मिरच्या आणि अळूच्या जुड्याही असतात. 2023 च्या जुलैतील ज्या शुक्रवारची ही हकिकत आहे, त्या दिवशी सकाळपासून पावसाने धरले होते आणि पेडणे तालुक्यातून आलेली ती तीन माणसे दारात छत्र्या उलट्या करून ठेवत होती : साठी उलटलेली आई, तिचा तेहतीस वर्षांचा मुलगा आणि श्रीलंकेहून आलेली सून. त्यांचे काम मी सोपे समजत होते. कागद तयार होते, शपथपत्राचा मसुदा आदल्या संध्याकाळीच छापून ठेवला होता, आणि तासाभरात सह्या होऊन ती मंडळी बाजाराला जातील असा माझा अंदाज होता.

मुलगा आणि सून यांची ओळख दोह्यातील एका हॉटेलात झाली. तो स्वयंपाकघरात होता आणि ती स्वागतकक्षात. कतारमधील 2022 ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा संपल्यावर दोघांचीही कंत्राटे संपली. तिकडे श्रीलंका आर्थिक संकटातून जेमतेम मान वर काढत होती, म्हणून संसार गोव्यात थाटायचा असे दोघांनी ठरवले. ती कोलंबोहून पर्यटक व्हिसा घेऊन आली आणि लग्न पेडण्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात झाले.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी येथे थोडे विषयांतर करावे लागेल. आमच्याकडे लग्नाची नोंद पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे होते. 1867 ची नागरी संहिता आणि 1910 चा विवाहविषयक हुकूमनामा यांचा तो वारसा 1961 च्या मुक्तीनंतरही कायम ठेवण्यात आला. वधूवरांना निबंधकासमोर दोनदा जावे लागते. पहिल्या सहीनंतर हरकती मागवल्या जातात आणि ठरावीक दिवसांनी दुसरी सही झाली की मगच लग्न पुरे होते. पहिली सही म्हणजेच लग्न, अशा समजुतीने दुसरीला न गेलेली आणि पुढे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी जोडपी मी पाहिली आहेत. या दोघांनी मात्र दोन्ही सह्या वेळेवर केल्या होत्या. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसल्यामुळे कायद्याच्या सर्वसाधारण नियमाने दोघांची मालमत्ता सामाईक झाली होती. आता, श्रीलंकेसह काही शेजारी देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही, तर पेडण्याच्या काजूच्या बागेत या सुनेचा अर्धा हिस्सा कोणत्या अर्थाने धरायचा, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. परंतु तो मी त्या दिवशी मुद्दाम उघडला नाही.

हातातले काम व्हिसाचे होते. भारतीय नागरिकाच्या परदेशी पत्नीला किंवा पतीला ‘एक्स’ प्रकारचा प्रवेश व्हिसा मिळतो. पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीने येथे लग्न केले तर आधीचा व्हिसा त्या प्रकारात बदलून मागता येतो. त्यासाठी नोंदणीकृत विवाहाचा दाखला, दोघे एकत्र राहतात याचा पोलिसांचा अहवाल आणि भारतीय जोडीदाराचे हमीपत्र लागते. लग्न सलग दोन वर्षे टिकले की ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डासाठी, अर्ज करता येतो. ही सोय पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या नागरिकांना नाही, श्रीलंकेच्या नागरिकांना आहे. नागरिकत्वच हवे असेल, तर 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 खाली भारतात सात वर्षांचा निवास लागतो. ही सगळी शिडी मी त्यांना आधीच्या भेटीत समजावून सांगितली होती. तिच्या पर्यटक व्हिसाचे तेवीस दिवस शिल्लक होते.

शपथपत्र पक्षकाराला वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही. पहिल्या परिच्छेदात मुलाचे नाव, वय आणि पत्ता होता. दुसरा परिच्छेद असा होता : ‘मी जन्माने भारतीय नागरिक असून मी अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व स्वीकारलेले नाही.’ हे वाक्य माझ्या संगणकात अनेक वर्षे तयारच पडलेले होते. नाव बदलायचे, तारीख बदलायची आणि छापायचे. मी ते वाचले, मुलाने मान डोलावली, आणि मी तिसऱ्या परिच्छेदाकडे वळणार एवढ्यात आईने आपल्या कापडी पिशवीत हात घातला.

“वकीलबाय, हो कागद पळयात,” ती म्हणाली. “लिस्बोआचो. सुनेच्या कामाला उपयोगी पडेल म्हणून आणलाय.”

प्लास्टिकच्या पाकिटात रेशन कार्ड आणि विम्याच्या पावत्या यांच्या मध्ये जपून ठेवलेला तो दोन पानी उतारा तिने माझ्यासमोर ठेवला. जमिनीचे जुने दस्त वाचण्यापुरते पोर्तुगीज मला येते. वर पोर्तुगालच्या प्रजासत्ताकाचे चिन्ह होते, खाली लिस्बन येथील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयाचा उल्लेख होता आणि मध्ये समोर बसलेल्या मुलाचे नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावे होती. तो त्याच्या जन्माची पोर्तुगालमधील नोंद सांगणारा उतारा होता. युरोपातल्या सरकारी शिक्क्याने सुनेची बाजू भक्कम होईल, अशी त्या माउलीची प्रामाणिक समजूत होती. मुलाचा चेहरा उतरला होता. सून एकदा माझ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहत होती.

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो, आणि त्यांच्या मुलानातवंडांनाही तो मार्ग खुला आहे. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने 1974 च्या करारात मान्य केले, तरी त्याचा हा कायदा चालूच राहिला. त्यामुळे गावोगाव एजंट झाले आणि हजारो लोकांनी लिस्बनला जन्म नोंदवून तिकडचे पासपोर्ट घेतले. या मुलाचे वडील 1953 मध्ये जन्मलेले. त्यांनी 2012 मध्ये आपली आणि मुलाची अशा दोन्ही नोंदींचे काम एका एजंटकडे दिले आणि दोघांनी मुखत्यारपत्रांवर एकाच दिवशी सह्या केल्या. मुलगा तेव्हा बावीस वर्षांचा होता. नोंदी झाल्या. पुढच्या ओळखपत्रासाठी आणि पासपोर्टसाठी एजंटने आणखी पैसे मागितले, तेव्हा काजूच्या हंगामाचे पैसे संपलेले होते, म्हणून ते काम तिथेच राहिले. मुलगा भारतीय पासपोर्टवर दोह्याला गेला, वडील पुढे वारले आणि कागद ट्रंकेत राहिला. 2019 मध्ये मुलाने पासपोर्टचे नूतनीकरण केले, तेव्हा अन्य देशाच्या नागरिकत्वाच्या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ लिहिले होते. खोटे बोलावे असे त्याच्या मनात नव्हते. जो पासपोर्ट कधी हाती आलाच नाही, त्याचे नागरिकत्व कसले, असे त्याला वाटले.

वाटण्यात आणि कायद्यात अंतर असते. नागरिकत्व कायद्याचे कलम 9 म्हणते की जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. परदेशी पासपोर्ट घेतला असेल तर नियमांनुसार तो निर्णायक पुरावा ठरतो, आणि हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये इझहार अहमद खान यांच्या प्रकरणात वैध ठरवला आहे. येथे पासपोर्ट नव्हता, केवळ जन्माची नोंद होती. अशी नोंद म्हणजे नागरिकत्व मिळवणे का, यावर गोव्यात निवडणुकांच्या वादांपासून पासपोर्टच्या प्रकरणांपर्यंत भरपूर भांडण झालेले आहे. पोर्तुगालच्या दृष्टीने तो जन्मापासूनच त्यांचा, आणि नोंद हा त्याचा निव्वळ दाखला. आपल्या दृष्टीने मात्र त्याने प्रौढ वयात केलेली सही हे स्वेच्छेचे कृत्य ठरू शकते. शंका निघाली तर निर्णय केंद्र सरकारने करायचा असतो. तो ना वकिलाच्या हाती, ना पोलीस ठाण्याच्या. त्या सुमारास माहिती दडवल्याच्या कारणावरून गोव्यातील अनेकांचे भारतीय पासपोर्ट रद्द होत होते आणि म्हापशाच्या बाजारात मासळीच्या भावाइतकीच त्याची चर्चा होती.

माझ्यासमोरचा पेच हाच होता. आम्ही तिघे-चौघे दोन आठवडे सुनेचा जन्मदाखला, अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र आणि कोलंबोतील परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन तपासत बसलो होतो. तिची बाजू बोट ठेवायला जागा राहू नये इतकी पक्की केली होती. ज्याच्या नागरिकत्वाच्या आधाराने तिला आणायचे, त्याला मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. गोव्यात वकिली करणाऱ्याने तो सर्वांत आधी विचारायला हवा होता. माझी ही चूक मी तेथेच, त्या तिघांसमोर, मान्य केली.

मुलगा सावरल्यावर म्हणाला, “मॅडम, हा कागद तुम्ही पाहिलाच नाही असं समजा. आमच्या वाड्यावर दहा जणांकडे असा कागद आहे. कोणी काही विचारत नाही.” मध्येच बाहेर जाऊन त्याने जुन्या एजंटला फोनही केला आणि परत येऊन सांगितले की एजंटचे मतही गप्प राहावे असेच आहे. एजंटचे मत दुसरे काय असणार? आईला तर आपण काय बिघडवले हेच कळेना. “कागद खोटो न्हय,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि ते खरेच होते.

मी शपथपत्र बाजूला ठेवले आणि सांगितले की दुसरा परिच्छेद आहे तसा असताना मी त्यावर सही घेणार नाही. तो भारतीय नागरिक नाही असे निश्चित झाले, तरी पत्नीचा मार्ग कायमचा बंद होत नाही, कारण ओसीआय कार्डधारकाच्या पत्नीलाही कार्डासाठी अर्ज करता येतो. परंतु तिथपर्यंत पोहोचायचे तर आधी त्याची स्वतःची स्थिती स्पष्ट व्हायला हवी. अन्यथा कागदोपत्री तो स्वतःच आपल्या घरात व्हिसावाचून राहणारा परदेशी ठरण्याची वेळ येईल.

इतका वेळ सून गप्प होती. आमचे बोलणे मराठी-कोकणीत चालले होते. तिने ते इंग्रजीतून सांगण्याची मला विनंती केली, आणि मी दुसरा परिच्छेद, तो उतारा आणि कलम 9 असे सगळे तिला सांगितले. तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला असा की, आता गप्प राहून कार्ड मिळाले आणि दहा वर्षांनी हे उघड झाले, तर त्या कार्डाचे काय होईल? मी सांगितले की वस्तुस्थिती दडवून मिळवलेले कार्ड रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. दुसरा प्रश्न असा की, तोवर मुले झाली असतील तर त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले नाही, कारण 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व आईवडील दोघांच्याही स्थितीवर अवलंबून असते, आणि हे तिला कसे सांगावे याचा मी विचार करत होते. ती माझ्या गप्प राहण्यावरूनच समजली असावी. हॉटेलच्या स्वागतकक्षात चार वर्षे तिने रोज शेकडो पासपोर्ट उघडून पाहिले होते. ती नवऱ्याला म्हणाली की कागदात एक अक्षर चुकले म्हणून रात्री दोन वाजता खोली न मिळालेली माणसे तिने पाहिली आहेत. ती मुदतीच्या आत परत जाईल, आणि त्याने आधी आपले अक्षर नीट करून घ्यावे.

मुलगा उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. आईने सुनेचा हात धरला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. स्वयंपाकघरात खवलेल्या नारळावर त्यांचे जमले होते एवढे मला आधीच्या भेटीत कळले होते.

त्यानंतरची कामे कंटाळवाणी आणि लांबलचक होती. मुलाच्या नावे मी एक सविस्तर निवेदन तयार केले. त्यात 2012 ची सही, नोंदीचा उतारा, ओळखपत्र किंवा पासपोर्ट कधीही न घेतल्याचे कथन, मतदार यादीतील नोंद आणि 2019 मधील ‘नाही’ या उत्तराचा खुलासा, असे सगळे घातले. काही सहकाऱ्यांनी मला वेड्यात काढले. झाकलेली मूठ उघडायची कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. सून मुदत संपण्याच्या सहा दिवस आधी मोपाच्या विमानतळावरून निघाली आणि चेन्नईमार्गे कोलंबोला पोहोचली. सासूने तिच्या पिशवीत आमसुले आणि घरच्या काजूबिया बांधून दिल्या होत्या. तिच्या प्रवेश व्हिसाचा अर्ज आम्ही कोलंबोतील भारतीय उच्चायुक्तालयात त्या निवेदनाची प्रत जोडूनच दिला, आणि नवऱ्याच्या शपथपत्रातला दुसरा परिच्छेद असा लिहिला : ‘माझा जन्म भारतात झाला असून माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, लिस्बन येथील जन्मनोंदीबाबत सोबतचे निवेदन वाचावे.’ आठ महिने पत्रव्यवहार चालला. अखेर तिला एका वर्षाचा व्हिसा मिळाला. मुलाच्या निवेदनावर मात्र अंतिम निर्णय तेव्हा झालेला नव्हता.

ती परत आल्यानंतरच्या शुक्रवारी सासू-सून दोघी बाजाराच्या पिशव्या घेऊन कार्यालयात आल्या. मला वाटले, व्हिसाच्या नोंदणीचे काहीतरी विचारायचे असेल. परंतु आईला तो लिस्बनचा उतारा परत हवा होता. मी म्हटले, “काकी, तो फायलीत असू द्या, पुढे लागेल.” ती म्हणाली, “झेरॉक्स ठेवा. त्याच्या बापाने त्या वर्षीच्या काजूचे सगळे पैसे त्यात घातले होते.” मी प्रत काढून घेतली, मूळ कागद तिला दिला आणि पोच लिहून घेतली. तिने तो रेशन कार्ड आणि विम्याच्या पावत्यांच्या मध्ये, पूर्वीच्याच जागी, सरकवला.