सात नंबरचा पाय, दहा नंबरचा बूट

शिरवळ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर आणि गाड्यांची आवक-जावक बघतो. माल घेऊन येणाऱ्या आमच्या बऱ्याच गाड्या दक्षिणेकडच्या. कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा करत येतात आणि खंबाटकीच्या बोगद्यातून इकडे उतरतात. गेटवर मोठी पाटी आहे : फुल पँट, सेफ्टी शूज, हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. यातलं एक जरी नसलं तरी गाडी आत घेत नाहीत. त्या पाटीशी माझं भांडण नाही. लुंगीचं टोक ताडपत्रीच्या हुकात अडकून केबिनच्या पायरीवरून माणूस तोंडघशी आलेला मी पाहिलाय. इंजिन चालू असताना वाकून बघणाऱ्याच्या गळ्यात गमछा लोंबत असला, की आजही माझ्या पोटात गोळा येतो. फॅनबेल्टने तो एकदा ओढला तर हात मध्ये घालायलाही वेळ मिळत नाही.

मे महिन्यातली दुपार होती. कास्टिंगच्या पेट्या घेऊन नामक्कलचा एक ड्रायव्हर आला. नामक्कल म्हणजे ट्रकच्या बॉडीबांधणीसाठी नावाजलेलं गाव. माणूस पन्नाशीचा, अंगात बनियन, कमरेला चौकड्याची लुंगी, पायात रबरी चप्पल. क्लीनर नव्हता. हल्ली बऱ्याच गाड्यांवर नसतोच, त्यामुळे ताडपत्री सोडण्यापासून फाळका, म्हणजे हौद्याची झडप, पाडण्यापर्यंत सगळं ड्रायव्हरच्याच अंगावर येतं.

"अण्णा, लुंगी नहीं चलेगा," आमचा गार्ड म्हणाला.

अण्णांनी वाद घातला नाही. सीटमागून घडी घातलेली पँट काढली आणि गाडीच्या सावलीत उभं राहून चढवली. बिल्टी, म्हणजे मालाचा कागद, घ्यायला मी गाडीच्या केबिनमध्ये चढलो आणि आधारासाठी दोन सीटच्या मधल्या इंजिनच्या कव्हरवर हात टेकवला, तो चटकन मागे घ्यावा लागला. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरचा डावा पाय दिवसभर त्या धगीला लागून. अशा केबिनमध्ये माणूस लुंगी का नेसतो, हे त्या कव्हरला हात लावल्यावर कुणालाही विचारावं लागणार नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय, ते फार बरं झालं. पण त्याआधी बनलेल्या गाड्यांना तो नियम लागू नाही, आणि त्या गाड्या अजून कितीतरी वर्षं रस्त्यावर राहणार.

पँट झाली, अडलं बुटांवर. गेटसमोर एका टपरीवर चहा-वडापावबरोबर सेफ्टी शूज भाड्याने मिळतात, एका फेरीचे तीस रुपये. हेल्मेट-जॅकेट घेतलं तर त्याचे वेगळे. अण्णा तिकडे गेले. पाय सात नंबरचा, टपरीत उरलेला जोड दहाचा. त्यांनी पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, नाड्या घोट्याभोवती गुंडाळल्या आणि फटक फटक आवाज करत परत आले. मी गार्डला म्हणालो, "अहो, हा माणूस नीट चालू शकत नाहीये, वर चढणार कसा?"

"साहेब, शूज आहेत ना पायात. प्रॉडक्शन लाइनवरून दोनदा फोन आलाय, गाडी घ्या म्हणून."

गाडी आत गेली. मी कागद करायला माझ्या ऑफिसकडे वळलो, तेवढ्यात मागून ओरडा ऐकू आला. दोर सोडायला अण्णा मागच्या फाळक्यावर चढले होते. बुटाचं पुढचं टोक लोखंडी पट्टीवर टेकलं होतं, पण आतला पाय तिथपर्यंत पोचलेलाच नव्हता. जोर दिला तसा पाय बुटातल्या बुटात मागे सरकला. आधी हेल्मेट खाली आलं, कारण हनुवटीखालच्या पट्टीचं बक्कल तुटलेलं होतं, पाठोपाठ माणूस. उजव्या मनगटावर पडले. कपाळ फुटलं, पण थोडक्यात निभावलं. गाडीत घालून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. ड्रायव्हरचा उजवा हात मोडणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. प्लास्टर ओलं असतानाच ते मला विचारत होते, "सार, गाडी कोण नेणार?"

दुसऱ्या दिवशी अपघाताचा फॉर्म माझ्यासमोर आला. शूज घातले होते का? होय. हेल्मेट? होय. जॅकेट? होय. कारण : चालकाचा निष्काळजीपणा. खाली माझी सही हवी होती.

मी सही केली नाही. टपरीवरच्या मावशींकडून तो जोड मागून आणला आणि मिटिंगच्या टेबलावर ठेवला. आत वर्तमानपत्राचा बोळा तसाच होता. तळवा घासून इतका गुळगुळीत झालेला, की एक नक्षी धड राहिली नव्हती. सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्यात पंजावरच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसायचा असतो, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी बोटं वाचली पाहिजेत. या जोडावर आयएसआयचा शिक्का कुठेच नव्हता. आणि शिक्का असता तरी काय? पायाच्या मापाचा नसलेला बूट कितीही मजबूत असो, तो चढणाऱ्याला पाडणारच. मग जॅकेट दाखवलं. त्याच्या चंदेरी पट्ट्या काळ्या पडलेल्या. हेडलाइटचा उजेड परत पाठवणं हे त्या पट्टीचं एकच काम, आणि मळल्यावर ती तेही करत नाही. रात्री हायवेला गाडी बंद पडली आणि याच जॅकेटवर कुणी टायर बदलायला उतरला, तर मागून येणाऱ्याला तो दिसेल का, असं मी सगळ्यांना विचारलं.

सेफ्टी ऑफिसरने फॉर्ममधलं कारण बदललं. बदलायला दोन तास लागले, आवाज चढले, पण बदललं. त्याचा उपयोग असा झाला, की अण्णांच्या उपचाराचा खर्च कारखान्याने उचलला.

आता गेटच्या आत सहा ते अकरा नंबरचे जोड आहेत, फुकट. बुटांच्या बदल्यात लायसन ठेवून घ्यायचं असं सिक्युरिटीचं म्हणणं होतं, ते मी होऊ दिलं नाही. उन्हाळ्यासाठी जाळीची जॅकेटं आणली. कपडे बदलायला पंखा असलेली खोली दिली, कारण आपल्या बापाच्या वयाच्या माणसाने रस्त्यावर गाडीच्या आडोशाला पँट चढवावी हे मला बघवत नव्हतं. मोज्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. दुसऱ्याच्या घामाचा बूट अनवाणी पायाने घालायला ड्रायव्हर तयार होत नाहीत, आणि मला ते पटतं.

खरं तर बूट ड्रायव्हरचा स्वतःचाच हवा, त्याच्या मापाचा, मालकाने घेऊन दिलेला. आमच्या गेटवरून तो पुढे निघाला की पुढच्या गेटवर तीच टपरी आणि तोच दहा नंबर. म्हणून ट्रान्सपोर्टच्या नव्या करारात मी एक कलम सुचवलंय : प्रत्येक ड्रायव्हरला वर्षाला दोन सुती पँटी, शिक्क्याचे बूट आणि स्वतःचं जॅकेट, आणि तो खर्च भाड्यात वेगळा दाखवायचा. खरेदी विभाग म्हणतो, दर वाढेल. वाढेल, थोडा वाढेल. कागद सध्या त्यांच्या टेबलावर आहे आणि दर सोमवारी मी जाऊन विचारतो.