घोट्यावरचं गोंदण

माझ्या आजीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट गोंदण होतं. तुळशीवृंदावन, चार-दोन ठिपके आणि एक नाव. कातडी सैल पडत गेली तसं ते नाव वाचता येईनासं झालं. आजोबांचंच होतं, पण तिनं कधी वाचून दाखवलं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं! दागिने चोर नेतो, नाहीतर सुना वाटून घेतात, गोंदण तेवढं वर जाताना सोबत येतं, असं ती म्हणायची. त्यामुळे गोंदण एकदा जिथं बसलं तिथून हलत नाही, ही माझी लहानपणापासूनची समजूत. ती मोडली सांती काझोर्लाच्या घोट्यानं.

काझोर्ला स्पेनचा फुटबॉलपटू, मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळणारा. उंची पाच फूट सहा इंच, आणि दोन्ही पाय सारखेच चालणारे. कॉर्नर कधी उजव्यानं, कधी डाव्यानं. समोरच्यानं अडवायचा कुठला पाय, हाच प्रश्न. 2008 आणि 2012 असे दोन युरो कप स्पेननं जिंकले, दोन्ही संघांत हा होता; मधला 2010 चा वर्ल्ड कप मात्र दुखापतीनं हुकला. तेव्हा त्या संघाच्या मिडफिल्डमध्ये झावी आणि इनिएस्टासारखे दिग्गज होते, म्हणजे याच्या वाट्याला येणार ते उरलेलं. पण 2014 च्या एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, फायनलमध्ये हल सिटीनं आठ मिनिटांत याच्या क्लबवर, आर्सेनलवर, दोन गोल चढवले, तेव्हा यानं मारलेली फ्री किक बघा. आर्सेनलची नऊ वर्षांची कपाची उपासमार त्या दिवशी संपली. माझ्यासारख्या आर्सेनलवाल्यांना एवढं पुण्य पुरेसं आहे.

मग घोटा. 2016 च्या ऑक्टोबरात बल्गेरियाच्या लुडोगोरेट्स क्लबविरुद्धच्या सामन्यात तो लंगडत बाहेर गेला, तो आर्सेनलकडून पुन्हा खेळलाच नाही. शस्त्रक्रिया झाली, टाके भरले, पुन्हा उसवले. जखमेत जंतू शिरले, गँगरीन झालं. टाचेमागच्या स्नायूबंधाचा आठेक सेंटिमीटर भाग जंतूंनी खाऊन टाकला होता. मुलाचा हात धरून बागेत फिरता आलं तरी नशीब समज, असं डॉक्टर त्याला म्हणाले होते. म्हणजे जो माणूस दोन्ही पायांनी कॉर्नर मारायचा, त्याच्यापुढे आता बागेतली फेरी हे ध्येय.

शेवटी स्पेनमधल्या व्हितोरिया गावच्या एका सर्जननं पाय हातात घेतला. घोट्यावर लावायला कातडी हवी होती, ती हातावरून काढली. नेमकं तिथंच त्यानं मुलीचं नाव गोंदवून घेतलेलं. नावाचा एक तुकडा हातावर राहिला, दुसरा घोट्यावर गेला. आणि मुलीचं नाव काय, तर इंडिया!

2017 च्या शेवटी तो फोटो आला. खडबडीत, ठिगळ लावल्यासारखा घोटा, आणि त्यावर अर्धवट अक्षरं. मी मोबाईल आईपुढे धरला. तिनं चष्मा वर करून पाहिलं. वाटलं, हळहळेल. म्हणाली, "अरे, लेकीचं नाव पायावर? पाप लागेल की त्याला."

आता हिला काय सांगायचं! पाय लागला तर आपण पुस्तकाच्या सुद्धा पाया पडतो. इथं तर लेकीच्या नावाच्या कातडीनंच पाय शिवलेला.

लुडोगोरेट्सच्या सामन्यानंतर सहाशेछत्तीस दिवसांनी, 2018 च्या जुलैत, तो स्पेनमधल्या व्हियारेआल क्लबकडून मैदानात उतरला. क्लबनं त्याची ओळख परेड जादूगाराकडून करवली: रिकामी काचेची नळी, धूर, आणि धुरातून काझोर्ला. एरवी मला असले तमाशे आवडत नाहीत. पण या बाबतीत दुसरं काही शोभलंही नसतं. 2019 मध्ये तो स्पेनच्या संघात परतला, माल्टाविरुद्ध गोलही केला. पुढे तीन वर्षं कतारला अल साद क्लबकडे. तिथं बरे पैसे मिळाले असणार, हे सांगायला नको.

मग 2023 मध्ये अडतिसाव्या वर्षी तो रियाल ओव्हिएदोकडे आला. हा त्याचा पोरवयातला क्लब. 2003 मध्ये कर्जापायी क्लब स्पॅनिश लीगच्या थेट चौथ्या पायरीवर घसरला आणि याला घर सोडावं लागलं. 2012 मध्ये क्लब पुन्हा बुडायला निघाला, तेव्हा पावणेअकरा युरोला एक असे शेअर विकायला काढले; जगभरच्या लोकांनी घेतले, त्यात काझोर्लाही होता. आता फुकट खेळायचीही तयारी होती म्हणे, पण नियमात बसेना. म्हणून कमीत कमी पगार घेतला, आणि आपल्या नावाच्या जर्सीच्या विक्रीतले दहा टक्के पोरांच्या अकादमीला लावून दिले.

21 जून 2025. मिरांदेस क्लबविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये कोण चढणार ते ठरवणारा, दुसरा सामना. आधीच्या सामन्यात ओव्हिएदो एका गोलनं हरलेलं, इथंही पहिला गोल खाल्लेला. तेवढ्यात पेनल्टी मिळाली. चाळिशीच्या काझोर्लानं ती मारली, बरोबरी झाली, आणि जादा वेळेत ओव्हिएदो 3-1 नं जिंकलं. चोवीस वर्षांनी पहिल्या डिव्हिजनमध्ये.

मी मोबाईलवर क्षणचित्रं पाहत होतो. मोजे वर ओढलेले, त्यामुळे घोटा काही दिसला नाही. आई मागून डोकावली.

"हाच ना रे तो, लेकीच्या नावाचा?"

"हाच."

"लेक केवढी झाली आता?"

ते मला सांगता आलं नाही. मी गोल पुन्हा लावला, आणि या वेळी तीही बसून बघायला लागली.