मोपा की दाबोळी? पणजीच्या हॉटेलपर्यंत गाडी ठरवताना

गोव्यात विमानतळ दोन. तिकिटावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. जानेवारी २०२३मध्ये मोपा सुरू झाल्यापासून नुसतं ‘गोवा एअरपोर्ट’ लिहून गाडी ठरवणं फार महागात पडतं. गाडी एका विमानतळावर, तुम्ही दुसऱ्यावर, आणि मध्ये तास-दीड तासाचा रस्ता! दोन्हीकडून पणजी साधारण ३०-३५ किलोमीटर.

बुकिंगमध्ये विमानाचा नंबर द्याच. पीएनआर ड्रायव्हरच्या काही कामाचा नाही. विमानाला उशीर झाला तर नंबरावरूनच कळतं. वेटिंग विमान उतरल्यापासून मोजणार की ठरलेल्या वेळेपासून, हेही आधी विचारा.

सर्वाधिक घोटाळा तारखेचा. विमान १५ तारखेला रात्री १२.४० वाजता उतरत असेल, तर ‘१४ची रात्र, १५ तारीख लागल्यावर’ असं स्पष्ट लिहून पाठवा.

मग सामान. सेडान सीएनजीवर असेल तर डिकीत आडवी टाकी असते, मोठी बॅग जेमतेम एक बसते. चौघं आणि चार बॅगा असतील तर सरळ इनोव्हा सांगा.

भाड्यात टोल, पार्किंग आणि रात्रीचा आकार धरलाय ना, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी हवीत; इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर पाटी हिरवी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे. हॉटेल पणजीच्या फोंतेन्यस या जुन्या वस्तीत असेल तर गल्ल्या अरुंद आहेत, गाडी कुठवर येते ते हॉटेललाच विचारा.